तोरामधील शिरगणतीचा अर्थ

बायबलची मराठी भाषांतरे सिद्ध झाली तेव्हा मोशेच्या पाच ग्रंथांपैकी चौथ्यास ‘गणना’ हे नाव मिळाले. हे नाव मूळ हिब्रूतून आलेले नाही. ग्रीक भाषांतरकारांनी या ग्रंथाला ‘अरिथ्मॉय’ म्हटले, लॅटिनने त्याचे ‘नुमेरी’ केले, आणि युरोपीय भाषांच्या वाटेने तोच अर्थ मराठीत उतरला. यहुदी परंपरा मात्र ग्रंथाच्या पहिल्या वाक्यातील एका शब्दावरून त्याला ‘बमिदबार’, म्हणजे ‘अरण्यात’, असे म्हणते. कोकणातून मुंबईत आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या प्रार्थनामंदिरांतूनही तो वाचला जातो तो याच नावाने. त्यामुळे एकाच भाषेच्या छायेत एकाच ग्रंथाची दोन नावे नांदत आली आहेत : एक मोजणीचे, एक वाळवंटाचे.

यावरून गणनेला मिळालेले महत्त्व परकीयांच्या दृष्टीचे आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. जुन्या रब्बींनीही या ग्रंथाला ‘हुमाश हापेकुदीम’ असे आणखी एक नाव दिले होते. त्याचा अर्थ ‘मोजल्या गेलेल्यांचा ग्रंथ’. परंतु या नावात आणि ग्रीक नावात एक बारीक भेद आहे. ग्रीक नाव आकड्यांकडे पाहते, रब्बींचे नाव माणसांकडे. तोरामधील शिरगणतीचा अर्थ शोधावयाचा तर या भेदापासूनच आरंभ केला पाहिजे.

‘पेकुदीम’ ज्या धातूपासून झाला तो ‘पाकद’ हा धातू भाषांतरकाराची परीक्षा पाहणारा आहे. मोजणे हा त्याचा एक अर्थ झाला. नेमणूक करणे, दखल घेणे, आठवण ठेवणे, झडती घेऊन शिक्षा करणे हेही त्याचेच अर्थ होत. वृद्ध सारेला पुत्र होतो तेव्हा परमेश्वराने तिची ‘पाकद’ केली, असे उत्पत्तीचा ग्रंथ सांगतो. तेथे मोजणीचा काहीच संबंध नाही. याच धातूपासून ‘पिक्कादोन’ म्हणजे ठेव हा शब्द झाला. योसेफाने दुष्काळासाठी साठविलेल्या धान्याला हाच शब्द लावला आहे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, कर्मणी प्रयोगात हाच धातू ‘नसणे’, ‘उणे पडणे’ असा अर्थ देतो. शौलाच्या पंक्तीत दावीदाची जागा रिकामी राहते ते सांगताना हेच क्रियापद येते. मीदियानी लोकांशी झालेल्या लढाईनंतर सरदार मोशेपुढे येतात आणि योद्ध्यांची मोजदाद केली, एकही उणा नाही, असे निवेदन करतात; तेथे ‘उणा’ या अर्थीही तेच. मोजलेला आणि हरवलेला या दोघांना एकच शब्द पुरावा, हे नुसते व्युत्पत्तीचे गमतीदार प्रकरण नव्हे. कळपातील एखादे मेंढरू नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही, हा धनगराचा अनुभव या शब्दाच्या मुळाशी असावा.

मराठीत या कार्याला तीन शब्द आहेत. ‘जनगणना’ हा अलीकडचा. ‘खानेसुमारी’ घरे मोजते, ‘शिरगणती’ डोकी. हिब्रूतील आज्ञेत या दोन्ही जुन्या शब्दांचे अर्थ एकत्र आले आहेत : कुळागणिक, पित्याच्या घराण्यागणिक, नावांच्या संख्येने, आणि शेवटी कवटीगणिक. पण या सर्वांआधी येणारे क्रियापद ‘मोजा’ असे नाही. ते ‘डोके उचला’ असे आहे. मान वर करणे म्हणजे प्रतिष्ठा देणे, असा त्यातला भाव टीकाकारांना दिसला आहे, आणि तो खोटा नाही. तथापि तोरानेच या शब्दप्रयोगाची दुसरी बाजूही दाखवून ठेवली आहे. तुरुंगात योसेफ दोन कैद्यांची स्वप्ने सांगतो तेव्हा फारो दोघांचेही डोके वर करील असे म्हणतो. त्यांपैकी प्यालेबरदार पुन्हा आपल्या जागी जातो आणि आचारी फासावर चढतो. राजाच्या हाती डोके असणे हे मानाचेही आहे आणि जिवावरचेही. शिरगणतीच्या आज्ञेत हाच शब्द योजताना लेखकाला हा श्लेष जाणवला नसेल, असे मानणे कठीण आहे.

ही धास्ती निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात उघड होते. लोकांची गणती करशील तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल खंडणी द्यावी, म्हणजे त्यांच्यात मरी उद्भवणार नाही, असे मोशेला बजावले आहे. खंडणी किती, तर अर्धा शेकेल चांदी. श्रीमंताने अधिक द्यावयाचे नाही, गरिबाने कमी द्यावयाचे नाही. वीस वर्षे व त्यांवरील प्रत्येक पुरुषाला हा नियम आहे. खंडणीसाठी वापरलेला ‘कोफेर’ हा शब्द कायद्याच्या भाषेतला आहे. ज्याचा जीव दंडाला पात्र झाला त्याने तो सोडवून घेण्यासाठी भरावयाचे मोल, असा त्याचा अर्थ. मग नुसते मोजले गेल्याने माणूस कोणता अपराध करतो? तोरा याचे उत्तर देत नाही.

या अर्ध्या शेकेलाचे पुढे काय झाले, हे मात्र तोरा इतक्या तपशिलाने सांगते की चोपडी लिहिणाऱ्या कारकुनालाही हेवा वाटावा. अडतिसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या खर्चाचा हिशेब आहे. मोजलेले पुरुष 6,03,550. त्यांची चांदी 100 किक्कार आणि 1,775 शेकेल. एक किक्कार म्हणजे 3,000 शेकेल. अर्ध्या शेकेलाने गुणून पाहिले असता हिशेब तंतोतंत जुळतो. यांपैकी 100 किक्कारांच्या 100 बैठका ओतल्या. मंडपाच्या फळ्या आणि पडद्याचे खांब त्यांवर उभे राहिले. उरलेल्या 1,775 शेकेलांतून खांबांच्या आकड्या केल्या, त्यांची टोके मढविली. सोने, तांबे, रंगीत सूत हे सारे लोकांनी ऐपतीप्रमाणे आणि खुषीने दिले होते. जमिनीला टेकणारी चांदी तेवढी सक्तीची आणि समान होती. बैठका पाहून कोणाचा अर्धा शेकेल कोठे गेला हे सांगता येणार नाही. तरी त्यातला एकही वजा केला असता हिशेब चुकला असता. संख्येचा असा उपयोग जगाच्या प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल.

मोजणीच्या भयाचे मूळ शोधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न 1958 मध्ये एफ्राइम स्पायझर या अभ्यासकाने केला. फरात नदीकाठच्या मारी या नगरीचे उत्खनन 1933 पासून आंद्रे पारो यांच्या हाताखाली सुरू झाले आणि इ. स. पूर्व अठराव्या शतकातील राजवाड्याचे दफ्तर मातीच्या विटांवर लिहिलेले असे हाती आले. त्यांत लष्करी गणतीला जो शब्द वापरला आहे त्याचा मूळ अर्थ ‘शुद्धी’ असा होतो. स्पायझर यांचे म्हणणे असे की, यादीत नाव चढणे हीच त्या काळच्या माणसाला भयाची गोष्ट होती, कारण देवही याद्या लिहितात व त्यांवरून कोण जगणार, कोण मरणार हे ठरते. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशे लोकांसाठी रदबदली करतो आणि क्षमा होत नसेल तर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझेच नाव खोड, असे परमेश्वराला म्हणतो. ते पुस्तक याच कल्पनेतले. ही उपपत्ती पटण्याजोगी आहे. फक्त तिच्यामुळे अर्ध्या शेकेलाच्या समानतेचा उलगडा होत नाही. नुसत्या भयाने गरीब-श्रीमंतांचा भाव एक होत नसतो.

गणनेच्या ग्रंथातील पहिली मोठी शिरगणती मिसर देश सोडल्यानंतर दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होते. येथेही बेरीज 6,03,550 हीच निघते. मंडपाच्या चांदीचा हिशेब आधीचा, तेव्हा लेवी वेगळे काढलेले नव्हते. तरी आकडा एकाचाही फरक न पडता तोच. जुन्या भाष्यकारांनी वयाच्या मोजणीचे बारकावे काढून ही अडचण सोडविली. आधुनिक समीक्षकांना एकच परंपरागत आकडा दोन ठिकाणी योजलेला दिसतो. आकड्याच्या शक्यतेविषयी तर कितीतरी लिहिले गेले आहे. सहा लक्ष योद्धे म्हणजे वीस लक्षांहून अधिक जनसमुदाय. तो सिनायच्या वाळवंटात कसा राहिला? शिवाय याच ग्रंथात एक महिन्यावरील प्रथम जन्मलेले पुत्र 22,273 भरतात. म्हणजे एका ज्येष्ठ पुत्रामागे केवळ वीस वर्षांवरचेच सत्तावीस पुरुष! अनुवादाचा ग्रंथ तर इस्रायल हे सर्व राष्ट्रांत संख्येने अल्प होते असे स्पष्ट म्हणतो. 1958 मध्येच जॉर्ज मेंडेनहॉल यांनी सुचविले की, ‘एलेफ’ या शब्दाचा अर्थ येथे हजार असा न घेता लढाऊ तुकडी असा घ्यावा. तसे केले तर पहिल्या गणतीत 598 तुकड्या व 5,550 माणसे, आणि दुसरीत 596 तुकड्या व 5,730 माणसे उरतात. युक्ती मोठी चतुर आहे. परंतु चांदीच्या हिशेबापाशी ती थबकते, कारण त्या हिशेबाला सहा लक्षांवरील आकडाच हवा. मूळ याद्या काहीही असोत, ज्याने आज आपल्यापुढे आहे तो ग्रंथ रचला त्याने ‘एलेफ’ म्हणजे हजार असेच समजून रचला, आणि अर्थ विचारावयाचा तो त्याला.

या गणतीत कोण नाहीत हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. स्त्रिया नाहीत, वीस वर्षांखालील मुले नाहीत, लेवी नाहीत. लेव्यांची गणती निराळी होते आणि ती एक महिन्याच्या अर्भकापासून. कारण सर्व इस्रायलच्या ज्येष्ठ पुत्रांच्या बदली ते परमेश्वराचे मानले आहेत. लेवी 22,000 आणि ज्येष्ठ पुत्र 22,273. वरच्या 273 जणांसाठी प्रत्येकी पाच शेकेल, एकूण 1,365 शेकेल भरावे लागले. (लेव्यांच्या तीन कुळांची बेरीज खरे तर 22,300 होते, लेखनात एक अक्षर गळाले असावे.) मंडप वाहून नेण्यासाठी त्याच लेव्यांची पुन्हा गणती होते ती तीस ते पन्नास वर्षांच्या 8,580 पुरुषांची. सैन्यासाठी एक वय, सेवेसाठी दुसरे, बदल्यासाठी तिसरे. ‘एकूण लोक किती?’ हा प्रश्न तोरामध्ये या सर्व मोजण्यांत एकदाही विचारलेला नाही. प्रत्येक मोजणी कोणत्या तरी कामासाठी आहे आणि ते काम संपले की तिचे प्रयोजनही संपते.

दुसरी मोठी गणती मवाबाच्या मैदानात, यार्देन नदीच्या अलीकडे होते. बआल-पौर येथील मरीत 24,000 लोक मेल्यानंतरची ही मोजदाद. बेरीज 6,01,730. चाळीस वर्षांत केवळ 1,820 ची घट झाली, असे वरवर दिसते. पण आत मोठी उलथापालथ आहे. शिमोनाचा वंश 59,300 वरून 22,200 वर आला, मनश्शेचा 32,200 वरून 52,700 वर गेला. या वेळचे काम जमीन वाटण्याचे होते : मोठ्या वंशाला मोठा भाग, लहानाला लहान, आणि जागा चिठ्ठ्यांनी. शेवटी ग्रंथ नोंदवून ठेवतो की, पहिल्या गणतीतील माणसांपैकी कालेब आणि यहोशवा यांच्याशिवाय या गणतीत कोणीही उरलेला नव्हता. ज्या पिढीची डोकी मानाने उचलून मोजली ती सारी वाळवंटात पडली. बेरीज जवळजवळ तीच आणि माणसे सर्व निराळी, ही गोष्ट कोणत्याही विलापाशिवाय, हिशेबाच्या भाषेत सांगितलेली आहे.

आणि या पुरुषांच्याच यादीत काही स्त्रियांची नावे शिरली आहेत. मनश्शेच्या कुळात सलाफहादाला पुत्र नव्हते म्हणून त्याच्या पाच मुलींची नावे येतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पुढच्याच अध्यायात या पाचजणी मोशेपुढे उभ्या राहून बापाचे नाव केवळ पुत्र नाही म्हणून का बुडावे, असा प्रश्न करतात आणि वतनाचा हक्क मिळवितात. गणती झाली नसती तर त्यांच्या बापाची जागा रिकामी आहे हे उघडे पडले नसते. आशेराची मुलगी सेरह हिचेही नाव येथे आहे. याकोबाबरोबर मिसरात उतरलेल्या सत्तर जणांच्या यादीतही ती होती, म्हणून परंपरेने तिला शतकांचे आयुष्य बहाल केले. त्या सत्तरांच्या यादीत लेआची संतती तेहतीस सांगितली आहे आणि नावे मोजली तर बत्तीसच भरतात. रब्बी म्हणतात, तेहतिसावी योखबेद, मोशेची आई. ती मिसरच्या वेशीवर जन्मली. हिशेबातील तूट अशी एका नवजात मुलीने भरून काढावी, यात भाष्यकाराची कल्पकता आहे हे खरे. परंतु ग्रंथाचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला होता.

तोराबाहेर पडल्यावर शिरगणतीचे सर्वांत भयंकर आख्यान भेटते ते दावीदाचे. तो यवाबाला लोक मोजण्यास पाठवितो. यवाब, जो एरवी पापपुण्याची फारशी पर्वा करणारा नव्हे, तो राजाला परावृत्त करू पाहतो. नऊ महिने वीस दिवसांनी आकडा हाती येतो, दावीदाचे मन त्याला खाऊ लागते, आणि मरीत 70,000 माणसे मरतात. शमुवेलाच्या ग्रंथात दावीदाला या कामास प्रवृत्त करतो तो कोपलेला परमेश्वर. इतिहासाच्या ग्रंथात तेच काम सैतान करतो. आकडेही जुळत नाहीत : एकीकडे इस्रायलचे आठ लक्ष व यहूदाचे पाच लक्ष, दुसरीकडे अकरा लक्ष व चार लक्ष सत्तर हजार. लोकांना मारणाऱ्या गणतीचा आकडाच निश्चित राहू नये, हा काळाने केलेला न्याय म्हणावा काय?

दावीदाचे पाप कोणते? काहींनी मोशेची गणती ‘पाकद’ची आणि दावीदाची ‘माना’ या रुक्ष मोजणीच्या धातूची, असा भेद करून पाहिला आहे. तो टिकत नाही. दावीद यवाबाला आज्ञा देतो त्या वाक्यात ‘पाकद’च आहे. तेराव्या शतकातील नाखमानिदेस याने अधिक सरळ कारणे दिली : अर्धा शेकेल घेतला गेला नाही, आणि गणतीची गरजही नव्हती. दुसरे कारण महत्त्वाचे आहे. लढाई नव्हती, वाटावयाची जमीन नव्हती, उभारावयाचा मंडप नव्हता. लोक किती आहेत हे राजाला केवळ जाणावयाचे होते. ज्याची वस्तू तोच ती मोजतो. मोजणे म्हणजे मालकी सांगणे. अर्ध्या शेकेलाची खंडणी मागताना तोरा हेच सुचविते की मोजणाऱ्याच्या हाती ही माणसे ठेव म्हणून आहेत. दावीदाने ठेव आपली समजून मोजली. आख्यानाचा शेवट अरवना यबूसीच्या खळ्यावर होतो. तो खळे फुकट देऊ करतो, आणि राजा ते नाकारून रोख चांदी मोजून देतो. इतिहासाच्या ग्रंथानुसार त्याच जागी पुढे मंदिर उभे राहिले. पहिल्या मंडपाच्या पायाशी शिरगणतीची चांदी होती, तशी दुसऱ्या वास्तूच्या पायाशी शिरगणतीचे प्रायश्चित्त आहे.

तालमुदाने यातून निषेध काढला : इस्रायलला सत्कार्यासाठीही मोजू नये. शौलाने सैन्य मोजले त्या तलाईम नावाच्या गावाचा अर्थ रब्बींनी ‘कोकरे’ असा घेतला. प्रत्येकाला एकेक कोकरू देऊन त्याने कोकरे मोजली म्हणे. अग्रिप्पा राजाला लोकसंख्या हवी होती तेव्हा मुख्य याजकाने वल्हांडणाच्या प्रत्येक बळीचा एकेक मूत्रपिंड बाजूला काढून ती मोजली, अशीही कथा आहे. प्रार्थनेला दहा पुरुष जमले की नाही हे पाहण्यासाठी दहा शब्दांचे एक वचन माणसागणिक एकेक शब्द म्हणत जाण्याची रीत आजही आढळते. याच परंपरेत फ्रान्समधील राशी (1040–1105) मात्र वेगळा सूर लावतो. परमेश्वराला आपली माणसे प्रिय आहेत म्हणून तो त्यांना वारंवार मोजतो. लांडगा येऊन गेल्यावर धनगर उरलेली मेंढरे मोजतो तसा. निषेध आणि वात्सल्य यांचा मेळ घालण्याच्या भरीस राशी पडला नाही, हे बरेच झाले. तोरामध्येही तो घातलेला नाही.

मालकीच्या मोजणीचा अनुभव यहुदी समाजाला पुढे परक्यांच्या हातून भरपूर आला. इ. स. 6 मध्ये यहूदिया रोमन प्रांत झाला आणि क्विरिनियसने मालमत्तेची नोंदणी काढली, तेव्हा गामाल्याच्या यहूदाने ही गुलामी आहे असे म्हणून बंड केले, अशी योसेफसची साक्ष आहे. इ. स. 70 मध्ये मंदिर पडल्यावर वेस्पाशियनने तोच अर्ध्या शेकेलाचा वार्षिक कर चालू ठेवला, फक्त आता तो रोममधील ज्युपिटरच्या देवळाकडे जाऊ लागला. इजिप्तमध्ये सापडलेल्या पावत्यांवरून दिसते की, तो स्त्रियांना आणि लहान मुलांनाही भरावा लागे. तोराने ज्यांना कधी मोजले नव्हते, त्यांना मोजण्यास कर वसूल करणारा विसरला नाही.

विसाव्या शतकात याहून काय झाले ते सर्वांस ज्ञात आहे. 17 मे 1939 च्या जर्मन जनगणनेत एक पुरवणी पत्रक होते. त्यात प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांविषयी ते यहुदी होते काय, असे विचारले होते. आउश्वित्झमध्ये कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले जात, आणि गाडीतून उतरताच ज्यांना विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले त्यांना क्रमांकही मिळाला नाही. इस्रायल राष्ट्राची पहिली शिरगणती 8 नोव्हेंबर 1948 रोजी, युद्ध चालू असताना, लोकांना संचारबंदीने घरात बसवून झाली. 1961 आणि 1972 च्या जनगणनांच्या वेळी दावीदाचे आख्यान पुढे करून रब्बींत वाद माजला. मोजली जातात ती पत्रके, माणसे नव्हेत, असे परवानगी देणाऱ्यांचे एक म्हणणे होते.

जेरुसलेममधील याद वाशेम ही स्मारकसंस्था 1953 मध्ये स्थापन झाली. तेथे साठ लक्ष मृतांची गणती त्या दशकापासून साक्षीपत्रांनी होत आली आहे. एका मृतासाठी एक पत्रक. ते ओळखणाऱ्या माणसाने भरावयाचे, आणि खाली आपली सही करावयाची. त्यावर मृताचे नाव, गाव, व्यवसाय यांच्या जागा आहेत. पित्याच्या नावाबरोबर आईच्या नावालाही निराळी ओळ ठेवलेली आहे.